राखाडी पाटीवरची रेघ

खरं सांगते, अगदी खरं. माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ! आणि ते डोळे साधेसुधे नाहीत, मोतीबिंदू काढून आत नवी भिंगं बसवलेली आहेत, त्यामुळे शपथ खोटी निघाली तर नुकसान मोठं आहे. घरात मी थापाडी म्हणून प्रसिद्ध आहे, हे आधीच कबूल करून टाकते. नळातून जिवंत मासा आला, जिन्यातल्या मांजराला सातापर्यंत मोजता येतं, लहानपणी विजेचा खांब चाटला म्हणून माझे केस कुरळे झाले, असल्या गोष्टी मी जन्मभर सांगितल्या आणि लोकांनी चवीनं ऐकल्या. ही तसली नाही. हिच्यातला शब्द न् शब्द खरा आहे. तारखांसकट वहीत लिहिलेला आहे.

वही माझ्या लेकीची. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी ठरायची नाही. आता पस्तिशी उलटली, तर दिवसाचे दहा तास एका खुर्चीत असते. तिचं काम मॉनिटरची तुलना करण्याचं. गेम खेळणाऱ्यांसाठी ते महागडे ओएलईडी मॉनिटर निघतात ना, ते कंपन्या तिच्याकडे काही महिन्यांसाठी पाठवतात. ती ते उलटेसुलटे करून तपासते, कोणता घ्यावा आणि कोणता घेऊ नये ते लिहिते, आणि खोक्यात भरून परत पाठवते.

घराची मागची खोली या कामाला दिलेली. खिडकीला जाड काळा पडदा, भिंतींना काळपट रंग, एक लांब टेबल. या वर्षी तिनं आधी सहा वेगवेगळे मॉनिटर लावून बघितले. एकाची काच चकचकीत. काळोखात त्याचा काळा रंग असा काळा की हात घातला तर कोपरापर्यंत आत जाईल, पण दिवा लावला की त्यात आपलंच नाक. दुसरा मॅट. त्यात नाक दिसत नाही, पण उजेडात काळ्याची राख होते. तिसऱ्यावर अक्षरांच्या कडेला हिरवी-गुलाबी किनार. आणि सगळ्यांची एक खोड सारखी. पांढरा ठिपका छोटा असला तर डोळे दिपवतात, पण अख्खी स्क्रीन पांढरी केली की लगेच मान खाली घालतात, मंद होतात.

"सगळ्यांना एकदम भरपूर नाही देता येत त्याला, आई," भिंगरी म्हणाली.

"म्हणजे आपलंच घर की गं."

हसली. तेव्हा हसायची.

ते परत गेले, आणि मग आणखी दोन मॉनिटर आले. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच जातीचे, जुळे म्हणा. त्यांच्यावर मोठी परीक्षा होती, बर्न-इनची. या स्क्रीनमधला प्रत्येक ठिपका स्वतःच्या अंगानं जळतो. एकच चित्र तासन् तास एकाच जागी राहिलं की तिथले ठिपके बाकीच्यांपेक्षा लवकर झिजतात, आणि मग चित्र बदललं तरी त्या जागी डाग राहतो. भिंगरीनं एकाला 'अ' म्हटलं, दुसऱ्याला 'ब', आणि वर चिकटपट्ट्या लावल्या. अ ला सगळे लाड. ब्राइटनेस पस्तीसवर, स्थिर दिसणारी चिन्हं आपोआप मंद, चित्र दर काही मिनिटांनी केसभर इकडेतिकडे सरकणार, चार तासांनी साफसफाई. ब ला काही नाही. ब्राइटनेस शंभर, सगळी संरक्षणं बंद, साफसफाई तर शेवटपर्यंत करायचीच नाही. दोघांवर एकच खेळ चालू. एक माणूस जंगलातून चालतोय, खाली डाव्या कोपऱ्यात त्याच्या जिवाची हिरवी पट्टी, वर उजव्या कोपऱ्यात छोटा गोल नकाशा. जंगल हलत राहतं, पट्टी आणि नकाशा जागच्या जागी. रोज दहा तास.

"एकाला जपायचं आणि एकाला जाळायचं," मी म्हटलं. "कोणत्या आईनं केलं नसेल असं?"

"ते तुलाच विचारायला हवं," भिंगरी म्हणाली.

दर सोमवारी चार वाजता खेळ थांबवून दोन्ही स्क्रीनवर नुसता राखाडी रंग लावायचा. डाग असला तर त्यावर उठून दिसतो. तिला आम्ही राखाडी पाटी म्हणायचो. पाटी बघायचं काम माझ्याकडे, कारण भिंगं बदलल्यापासून माझी नजर घरात सगळ्यात तेज. मी वहीत लिहायचे, मग भिंगरी स्टँडवर कॅमेरा लावून फोटो काढायची.

आता यांच्याबद्दल. हे म्हणजे माझा नवरा. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. गावाखालून कोणता पाइप कुठून कुठे जातो, कुठे व्हॉल्व्ह आहे, कुठे वळण आहे, सगळं न बघता कागदावर काढायचे. दोन वर्षांपासून विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग वार, मग शेजाऱ्यांची तोंडं. दिवसभर काय करायचं त्यांनी? मागच्या खोलीत वेताचं बाकडं होतं, त्यावर येऊन बसायचे, बरोबर ब च्या समोर. ब चा उजेड जास्त, त्यांना तो आवडायचा. जंगलातला माणूस चालायचा आणि हे कोपऱ्यातल्या गोल नकाशाकडे बोट दाखवून म्हणायचे, "व्हॉल्व्ह दाखवलेले नाहीत. नापास करा."

पाच सोमवार काही झालं नाही. वहीत तसंच आहे. अ स्वच्छ, ब स्वच्छ.

सहाव्या सोमवारी ब वर डाव्या कोपऱ्यात पट्टीचा पुसट डाग आला, उजवीकडे नकाशाचं वर्तुळ आलं. यायचेच होते. पण पाटीच्या मधोमध आणखी एक रेघ होती. केसाएवढी, आडवी, दोन बोटं लांब. तिथे खेळात स्थिर असं काही नव्हतं, नुसती हलणारी झाडं.

"भिंगरे, मध्ये रेघ आहे."

"तुझ्या चष्म्यावरचा केस असेल."

"मला चष्मा नाही. तुझ्याच वडिलांनी पैज हरून सगळ्यांना पेढे—"

"आई. थाप नको. काम आहे." तिनं फोटोत मोठं करून बघितलं. रेघ होती. "पॅनेलमधला दोष," ती म्हणाली, आणि वहीत माझ्या नोंदीखाली तेवढंच लिहिलं.

सातव्या सोमवारी रेघेला कोन फुटले होते. चौकोन, त्याच्या पोटात दुसरा चौकोन, आणि एका भिंतीला चिकटून पाव वर्तुळ. ड्राफ्ट्समनच्या बायकोला पाव वर्तुळ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. नकाशात दार तसं काढतात, म्हणजे ते कोणीकडे उघडतं ते कळतं. दोन खोल्या होत्या. बाहेरचं दार आत उघडत होतं आणि पलंगाच्या पायाला अडत होतं.

आमचं पहिलं घर. लग्नानंतरची चार वर्षं आम्ही त्या दोन खोल्यांत काढली. दार कधीच पूर्ण उघडायचं नाही, पाहुणे तिरके होऊन आत यायचे. आदल्याच आठवड्यात चहा पिताना यांनी ती तिरक्या पाहुण्यांची गोष्ट सांगितली होती, आणि स्वतःच हसून चहा सांडला होता.

मी बाकड्यावर त्यांच्याजवळ बसले. "अहो, आपल्या पहिल्या घराचं दार कशाला अडायचं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कोणतं घर?"

"पहिलं. पलंगाचं."

"आपलं एकच घर आहे ना?" घाबरून म्हणाले. शाळेत प्रश्न चुकला की पोरं घाबरतात तसे.

आठव्या सोमवारी त्या खोल्यांच्या बाजूला आकडे आले. बारीक, उभे, पायाशी किंचित जाड. यांचंच वळण. पाइपांची मापं असावीत. त्या दिवशी दुपारी हे भिंतीवरच्या घड्याळासमोर खूप वेळ उभे होते. मग म्हणाले, "यावर काय लिहिलंय?"

मी भिंगरीला काहीच बोलले नाही. मांजराला मोजता येतं असं सांगणाऱ्या बाईनं हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

नवव्या सोमवारी पाटीवर एक लांब बोळ होता. दोन्हीकडे खोल्या, शेवटी दुहेरी दार, आणि बोळात भिंतीलगत एक बाक. बाकावर एका जागी फुली. प्रसूतिगृहाचा बोळ तो. भिंगरीच्या वेळी हे त्या बाकावर अकरा तास बसले होते, आणि नंतर गमतीनं त्या जागेचा नकाशा काढून फुली मारून मला दिला होता, 'पुढच्या वेळी हीच जागा राखून ठेवा' म्हणून.

मी वहीत लिहीत होते. तेवढ्यात भिंगरी कॅमेरा घेऊन आली. हे उठून उभे राहिले, तिला वाट करून दिली आणि म्हणाले, "या बाई. आत कोणी नाहीये वाटतं."

भिंगरीच्या हातात कॅमेरा तसाच राहिला.

"बाबा, मी आहे."

"हो हो," हे म्हणाले. अनोळखी माणसाचा अपमान होऊ नये म्हणून माणूस म्हणतो तसं.

तिनं फोटो काढला. एकदा नाही, तीनदा काढला. मग तो मोठा करून बघताना तिचा चेहरा बदलला.

"आई, तू यावर काय लावून ठेवलं होतंस?"

"मी? काही नाही."

"हा पॅनेलचा दोष नाहीये. हे चित्र आहे. एवढा खोल डाग पडायला तीन-चार हजार तास एकच चित्र लावून ठेवावं लागतं, आणि हा मॉनिटर चालू होऊन सहाशे तीस तास झालेत." ती हिशेब मला सांगत होती की स्वतःला, कळेना. "सहाशे तीस, आई. कुठून आलं हे?"

"यांच्यातून," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. दार, आकडे, बोळ.

तिनं पूर्ण ऐकलं. मग हळू आवाजात म्हणाली, "आज नको. बाबांनी आज मला ओळखलं नाही. आज तरी तुझी गोष्ट नको."

त्या आठवड्यात मी यांना त्या खोलीत जाऊ दिलं नाही. बाकडं बाहेर आणलं, खोलीला कडी लावली. हे दिवसभर कडीसमोर उभे राहायचे, दारावर तळहात ठेवून. जेवायला नको, बसायला नको. आणि वहीत नोंद आहे, दहाव्या सोमवारी पाटीवर नवं काही नव्हतं. त्या आठवड्यात हे नवीन काही विसरलेही नाहीत.

मग मी कडी का काढली, असं तुम्ही विचाराल. हेच मला भिंगरीनंही विचारलं नंतर. ते दारापाशी रडायचे म्हणून काढली, असं मी तिला सांगितलं, आणि ते खोटं नाही. पण त्याच्या आत अजून एक होतं. मला बघायचं होतं. घर आलं, आकडे आले, लेक आली. मी कुठे आहे? त्या माणसाच्या आत मी कुठे, केवढी, कोणत्या रेघांची आहे, ते मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. पन्नास वर्षं संसार केल्यावर बाईला एवढी उत्सुकता असू नये?

अकराव्या सोमवारी मी आले.

पाटीवर पलंग होता, वरून बघितलेला. दोन उश्या. उजव्या उशीवर काही नाही. डाव्या उशीवर गळतीची खूण. पाइप फुटलेला असला की नकाशात काढतात ती, छोटं वर्तुळ आणि त्यातून निघणारे तीन बाण. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी घोरते म्हणून यांनी ऑफिसच्या कागदामागे हा पलंग काढला होता, आणि डाव्या उशीवर गळती दाखवून खाली लिहिलं होतं, 'दुरुस्ती अशक्य, चालू द्यावे.' पाटीवर ते शब्दसुद्धा होते. चालू द्यावे.

मी हसले हो. खरंच मोठ्यानं हसले. हसत हसतच मागे वळले, त्यांना दाखवायला.

हे बाकड्यावर अंग चोरून बसले होते. "आपण कोणाकडे आलात?" त्यांनी विचारलं. "घरात कोणी असेल तर बोलावतो."

शुक्रवारी कुरिअरवाला येणार होता. दोन्ही मॉनिटर कंपनीला परत जायचे होते. भिंगरीचा लेख लिहून झाला होता. त्या डागांबद्दल तिनं एक अक्षर लिहिलं नव्हतं, नुसतं 'ब ची चाचणी ग्राह्य धरू नये' एवढंच.

मंगळवारी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "ती साफसफाई असते ना, तिनं नक्की काय होतं?"

"कोणती? पिक्सेल रिफ्रेश?"

"तीच. अ ला चार तासांनी करतेस ती."

"ती छोटी. मोठी वेगळी असते, तासभर चालते." ती भांडी विसळत होती, माझ्याकडे पाठ. "मॉनिटर आधी मोजतो, कुठला ठिपका किती झिजलाय. मग जो झिजलाय त्याला थोडा जास्त करंट देतो, म्हणजे तोही बाकीच्यांसारखा—"

पुढचं मी ऐकलं नाही. ती बोलत होती, नळ वाहत होता, आणि माझं झालं होतं. गोष्ट जिथे आपल्याला आवडते तिथेच थांबवायची ही माझी जुनी खोड आहे. झिजलेल्याला जास्त देतो. मला तेवढंच हवं होतं.

बुधवारी दुपारी भिंगरी काही कामाला बाहेर गेली. दोन वाजून दहा मिनिटं. वहीत मी वेळ लिहिली आहे.

यांना बाकड्यावर बसवलं, ब च्या अगदी समोर. मी शेजारी बसले. मॉनिटरच्या खालच्या कडेला एक बारीक दांडी असते, ती ढकलली की यादी उघडते. ब्राइटनेस, चित्र सरकवणं, चिन्हं मंद करणं, सगळं बंद, बंद, बंद. सगळ्यात शेवटी साफसफाई. मोठी. त्यानं विचारलं, एक तास लागेल, मध्ये वीज काढू नये, करायचं का?

मी दांडी दाबली.

स्क्रीन विझली. या स्क्रीनचा काळा म्हणजे खरंच विझलेला, भिंत कुठे संपली आणि काच कुठे सुरू झाली कळेना. खाली एक लाल ठिपका तेवढा मिचकत होता. शेजारी अ बंदच होता. त्याला मी हातही लावला नव्हता.

"काय चाललंय?" यांनी विचारलं.

"दुरुस्ती," मी म्हटलं. "तोवर मी तुम्हाला गोष्ट सांगते. खरी."

मी पहिल्यापासून सुरुवात केली. दोन खोल्या. बाहेरचं दार पलंगाला अडायचं. पाहुणे तिरके. तुमचा एक साहेब आला होता जाडजूड, तो अडकला होता दारात, आठवतं? तुम्ही आतून ओढत होतात आणि मी बाहेरून ढकलत होते.

ते ऐकत होते. काळोखात त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मग मी बोळाचं सांगितलं. अकरा तास. फुली. नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, मुलगी झाली, तेव्हा तुम्ही तिला... काहीतरी म्हणालात. काय म्हणालात ते मला पाठ होतं. जिभेवर होतं. दमले असेन, म्हटलं, नंतर आठवेल.

लाल ठिपका मिचकत होता.

पलंगाचं सांगितलं. दोन उश्या, डावीकडची माझी. का उजवीकडची? खाली तुम्ही लिहिलं होतं. दुरुस्ती... दुरुस्ती असं काहीतरी.

पुन्हा पहिल्यापासून सांगते, म्हटलं.

दोन खोल्या. दार.

दार आत उघडायचं की बाहेर?

तो साहेब. कोण होता तो?

यांनी माझा हात धरला. त्यांचा हात गरम होता. का माझा गार होता?

दोन खोल्या, मी म्हटलं.

खोल्या, मी म्हटलं.

मग कोणीच काही बोलत नव्हतं.

लाल ठिपका थांबला. स्क्रीन आपोआप उजळली. राखाडी. कोपऱ्यात पट्टी नाही, वर्तुळ नाही. पलंग नाही, बोळ नाही, दार नाही. एक रेघसुद्धा नाही. सगळीकडे एकसारखा राखाडी, आधीपेक्षा जरासा मंद.

हे माझ्याकडे वळले. त्यांनी मला नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाले, "बस गं. दमली असशील." जसं पन्नास वर्षं म्हणत आले तसं.

भिंगरी संध्याकाळी आली. तिनं पाटी बघितली. कपाटातून ते उजेड मोजायचं छोटं यंत्र काढलं, ब च्या काचेला टेकवलं. दोनशे अकरा. सुरुवातीला, एकाच ब्राइटनेसवर, दोन्हींचा उजेड दोनशे साठ होता. मग तिनं सहज, नोंद पूर्ण व्हावी म्हणून, अ चालू केला आणि त्यालाही लावलं.

दोनशे अकरा.

तिनं यंत्र पुसलं, पुन्हा लावलं. दोनशे अकरा. शेजारी ठेवलेले दोन मॉनिटर, एक जपलेला, एक जाळलेला, आणि आता चिकटपट्टी काढली तर कोणता कोणता ते सांगता आलं नसतं.

"तू मोठी साफसफाई केलीस," ती म्हणाली.

"झिजलेल्याला जास्त देतो ना. तूच म्हणालीस."

"आणि पुढे मी काय म्हणाले होते?" तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "जास्त देऊन देऊन जेव्हा पुरत नाही, आई, तेव्हा तो बाकीच्यांना खाली आणतो. जो सगळ्यात झिजलाय त्याच्या बरोबरीला. डाग जात नाही. बाकीचं सगळं तेवढंच झिजवतो."

मी तिच्याकडे बघत होते. चांगली बाई वाटली. थकलेली. तिला चहा विचारावा असं मनात आलं, पण स्वयंपाकघर कोणत्या बाजूला ते पटकन सुचेना.

शुक्रवारी दोन्ही खोकी गेली. कंपनीकडून पत्र आलं, दोन्ही मॉनिटर उत्तम स्थितीत मिळाले. त्या खोलीचा काळा पडदा भिंगरीनं काढून टाकला. आता तिथे ऊन येतं आणि बाकड्यावर आम्ही दोघं बसतो. सकाळी ती दोघांना औषधं देते, आधी एकाला, मग दुसऱ्याला. दोघांना सारखंच सांगावं लागतं. मी भिंगरी, हे बाबा, ही आई, हे घर.

पहिल्या घराचं, दाराचं, बोळाचं, उशीचं जे मी तुम्हाला रंगवून सांगितलं, ते वहीतून वाचून सांगितलं. सोमवारची पानं. अक्षर माझं आहे असं ती म्हणते. छान लिहिलंय हो, वाचताना मलाही हसू आलं त्या जाड साहेबाचं. जिथे थोडं अडलं तिथे भिंगरीला विचारलं. तिनं न कंटाळता सांगितलं, आणि एकदाही म्हणाली नाही की आई, थाप नको.

तेव्हा शब्द न् शब्द खरा. फक्त एक सोडून.

ते 'बस गं, दमली असशील' मी घातलंय. गोष्टीला बरं दिसतं म्हणून. तसं कोणी म्हणालं नाही.

झालं असं, की स्क्रीन उजळली तेव्हा मी एका खोलीत बाकड्यावर बसले होते आणि शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. इस्त्रीचा शर्ट, नखं कापलेली, चांगल्या घरचे. खिडकीला पडदा, समोर काही नाही. मला वाटलं दवाखाना असेल. मीच पहिली बोलले. म्हटलं, "तुमचा कितवा नंबर?"

त्यांनी खिशात चिठ्ठी शोधली. सापडली नाही. मग माझा हात त्यांच्या हातात होता, तो त्यांनी अवघडून सोडला आणि म्हणाले, "माहीत नाही. पण मला घाई नाही. माझ्या आधी तुम्ही जा."